फ्री म्हणजे फुकट की मुक्त? ओपन म्हणजे उघडं की खुलं? दोन शब्दांच्या सगळ्या अर्थांची तुलना

“फ्री आहे ना? मग वापरू या की!” आणि “ओपन सोर्स आहे, काही टेन्शन नाही.” ही दोन वाक्यं मी कॉलेजच्या प्रोजेक्टपासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकत आलोय. दोन्ही वाक्यांत गडबड एकच आहे. बोलणाऱ्याच्या डोक्यात शब्दाचा एक अर्थ असतो आणि लायसन्स लिहिणाऱ्याच्या डोक्यात दुसरा. हा फरक कळायला भाषेचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही, पण तो न कळल्यामुळे छापखान्याला फॉन्टच्या पैशाची नोटीस येऊ शकते, स्टार्टअपला आपला कोड उघड करावा लागू शकतो, आणि एखाद्या संस्थेचा वीस वर्षांचा मजकूर वाचताच येईनासा होऊ शकतो.

म्हणून या लेखात फ्री आणि ओपन हे दोन इंग्रजी शब्द समोरासमोर ठेवू. आधी त्यांचे रोजचे अर्थ पाहू, मग तंत्रज्ञानातले, आणि शेवटी निर्णय घेताना कामी येतील असे प्रश्न.

फ्री: एका शब्दात पाच अर्थ

१. फुकट, मोफत. “एकावर एक फ्री” मधला फ्री. इथे प्रश्न फक्त पैशाचा असतो.

२. मुक्त, स्वतंत्र. “फ्री कंट्री”, “फ्री स्पीच” मधला फ्री. इथे पैशाचा संबंधच नाही, प्रश्न हक्काचा आहे.

३. मोकळा, रिकामा. “संध्याकाळी फ्री आहेस का?” किंवा “मोबाइलमध्ये दोन जीबी जागा फ्री आहे.”

४. अमुक एक गोष्ट नसलेला. शुगर-फ्री, टॅक्स-फ्री, अ‍ॅड-फ्री. शुगर-फ्री मिठाई कोणी फुकट देत नाही, हे आपल्याला बरोबर कळतं. पण “रॉयल्टी-फ्री फोटो” दिसला की तोच माणूस फुकट समजून डाउनलोड करतो. रॉयल्टी-फ्री म्हणजे दर वापरामागे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच. सुरुवातीला एकदा किंमत मोजावी लागू शकते.

५. सोडून देणं. हे क्रियापद आहे. कैद्याला फ्री करणं, किंवा प्रोग्रामने घेतलेली मेमरी फ्री करणं.

यात टोल-फ्री नंबर मजेदार आहे. तो फोन करणाऱ्याला फुकट असतो, पण कॉलचे पैसे पलीकडची कंपनी भरते. पैशाच्या अर्थाने “फ्री” असलेल्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. कोणीतरी पैसे भरत असतं, फक्त ते आपण नसतो.

शब्दाचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. इंग्रजीतला फ्री आणि संस्कृतमधला “प्रिय” हे एकाच मूळ धातूपासून आलेले शब्द आहेत. आपली, जवळची माणसं म्हणजे गुलाम नसलेली माणसं, असा अर्थ पुढे सरकत “स्वतंत्र” झाला. “पैसे न देता” हा अर्थ त्यानंतरचा, खर्चातून मुक्त या कल्पनेतून आलेला. म्हणजे मुक्त हा अर्थ आधीचा आणि फुकट हा नंतरचा. आज दुकानाच्या पाट्यांमुळे आपल्या डोक्यात क्रम उलटा बसलाय.

ओपन: दार उघडं, पण कोणासाठी?

१. उघडा, बंद नसलेला. दुकान ओपन आहे, फाइल ओपन कर.

२. सर्वांना प्रवेश असलेला. ओपन टुर्नामेंट, ओपन युनिव्हर्सिटी.

३. लपवलेला नसलेला, दिसणारा. ओपन किचनमध्ये स्वयंपाक दिसतो, पण म्हणून आत जाऊन फोडणी देता येत नाही.

४. संरक्षण नसलेला. ओपन वाय-फाय म्हणजे पासवर्ड नसलेलं वाय-फाय. सर्व्हरवर पोर्ट ओपन राहिला तर ती कौतुकाची गोष्ट नसते.

५. अजून न ठरलेला, न मिटलेला. “तो इश्यू अजून ओपन आहे.”

सगळा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थात होतो. दिसणं वेगळं आणि वापरायची मुभा असणं वेगळं. सॉफ्टवेअरचा कोड इंटरनेटवर दिसतोय, म्हणजे तो आपल्याला वापरता येतो असं नाही. कोडच्या प्रोजेक्टमध्ये लायसन्सची फाइलच नसेल, तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. ऑफिसमध्ये नवी लायब्ररी घेताना मी कोड वाचायच्या आधी लायसन्सची फाइल उघडतो, ती याच कारणासाठी.

१९८३ ते १९९८: भांडण शब्दावरून

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू केलं. त्यांच्या “फ्री सॉफ्टवेअर” मधला फ्री हा मुक्त या अर्थाचा आहे. त्यांच्या व्याख्येत चार स्वातंत्र्यं आहेत, आणि प्रोग्रामरच्या सवयीप्रमाणे त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते:

शून्य: प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवणं.
एक: तो कसा चालतो याचा अभ्यास करणं आणि त्यात बदल करणं.
दोन: त्याच्या प्रती इतरांना देणं.
तीन: बदललेल्या प्रती इतरांना देणं.

या यादीत किंमतीचा उल्लेख नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं. पण “फ्री” ऐकलं की लोकांना फुकटच ऐकू यायचं, आणि कंपन्यांना तर धंदा बुडवणारी चळवळ वाटायची.

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर लगेच, फेब्रुवारीत, पालो अल्टोमधल्या एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी “ओपन सोर्स” हा शब्द सुचवला. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन केली. त्यांची दहा कलमी व्याख्या डेबियन प्रकल्पाच्या नियमावलीवरून बेतली होती.

लायसन्सच्या पातळीवर दोन्ही गटांच्या याद्या जवळजवळ सारख्याच आहेत. जीपीएल, एमआयटी, अपाची ही लायसन्स दोघांनाही मान्य आहेत. फरक कारणात आहे. फ्री सॉफ्टवेअरवाले म्हणतात की हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. ओपन सोर्सवाले म्हणतात की अशा पद्धतीने सॉफ्टवेअर चांगलं बनतं. मजा म्हणजे “फ्री” मधला घोळ टाळायला “ओपन” आणला आणि त्याने स्वतःचा नवा घोळ आणला: लोकांना वाटलं, कोड दिसतो एवढंच पुरे.

हा वाद प्रॉडक्टच्या नावांतही दिसतो. २००० मध्ये सनने खुल्या केलेल्या ऑफिस पॅकेजचं नाव होतं ओपनऑफिस. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर, २०१० मध्ये, त्यातलेच बरेच लोक वेगळे झाले आणि त्यांनी नाव ठेवलं लिब्रेऑफिस. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये “लिब्रे” म्हणजे फक्त मुक्त. फुकटसाठी तिथे वेगळा शब्द आहे, म्हणून गोंधळाला जागाच नाही.

चार खाने: कोणतं सॉफ्टवेअर कुठे बसतं?

आता पैसे आणि हक्क हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पाहू.

फुकट आणि मुक्त: व्हीएलसी प्लेअर, लिब्रेऑफिस, सिग्नल अ‍ॅप. पैसेही नाहीत आणि कोड घेऊन बदलण्याचा हक्कही आहे.

फुकट पण बंद: व्हॉट्सअ‍ॅप, अ‍ॅडोबीचा पीडीएफ रीडर. एक रुपया लागत नाही, पण आत काय चाललंय ते पाहता येत नाही आणि कंपनीने नियम बदलले तर आपल्या हातात काही नाही.

पैसे घेऊन मुक्त: रेड हॅटने लिनक्सवर सपोर्ट आणि सबस्क्रिप्शन विकून मोठा धंदा उभा केला. २०१९ मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. फुकट वाटल्या जाणाऱ्या गोष्टीला एवढी किंमत आली नसती.

दिसतं पण मुक्त नाही: रार फाइल उघडणाऱ्या अनरार प्रोग्रामचा कोड मिळतो, पण तो वापरून रारची कॉम्प्रेशन पद्धत पुन्हा तयार करायला लायसन्समध्ये मनाई आहे. याला “सोर्स उपलब्ध” म्हणावं, ओपन सोर्स म्हणू नये.

चौथा खाना अलीकडे मोठा होतोय. टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं. इतर कंपन्या आमचंच सॉफ्टवेअर विकून पैसे कमावतात, अशी या कंपन्यांची तक्रार होती. कोड दिसत राहिला, पण वापरावर अटी आल्या. मग समाजाने काय केलं? आधीची मुक्त आवृत्ती घेतली आणि ओपनटोफू आणि वाल्की हे नवे प्रकल्प सुरू केले. जुन्या आवृत्तीवर दिलेला हक्क कंपनीला परत घेता आला नाही. रेडिसने तर मे २०२५ मध्ये एजीपीएल हे मुक्त लायसन्स पुन्हा पर्याय म्हणून आणलं. फुकट आणि मुक्त यातला फरक इथे पैशात मोजता येतो. फुकट सेवा बंद झाली की आपण रस्त्यावर येतो, मुक्त कोड असेल तर पुढचा रस्ता आपला आपण बांधू शकतो.

फुकट इंटरनेट विरुद्ध खुलं इंटरनेट

दोन्ही शब्द एकमेकांच्या थेट विरोधात उभे राहिले, ती गोष्ट भारतातलीच आहे. फेसबुकने २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग ही योजना आणली, तिचंच नाव नंतर “फ्री बेसिक्स” झालं. डेटाचे पैसे न देता काही ठरावीक वेबसाइट वापरा, अशी ती कल्पना होती.

समर्थकांचं म्हणणं होतं की ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं तरी मिळेल. विरोधकांचं म्हणणं होतं की फुकटच्या यादीत कोण बसणार हे एका कंपनीने ठरवलं, तर बाकीच्या वेबसाइटचं दार गरीब माणसासाठी बंदच राहील. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेबसाइटनुसार डेटाचे वेगळे दर लावायला बंदी घातली आणि फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

दोन्ही बाजूंनी चांगले शब्द वापरले. एकाने फ्री, दुसऱ्याने ओपन. प्रश्न एवढाच होता की फ्री म्हणजे दाराशी पैसे न घेणं, की आत कुठेही जाण्याची मुभा?

मराठी फॉन्ट: हा प्रश्न थेट आपला

“फ्री मराठी फॉन्ट डाउनलोड” असं शोधलं की शेकडो पानं येतात. त्यातले कित्येक फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट असतात. घरच्या पूजेच्या निमंत्रणाला चालतील, पण छापखान्याने तोच फॉन्ट गिऱ्हाइकाच्या पत्रिकेला वापरला की तो व्यावसायिक वापर झाला. आणि काही पानांवर तर विकत घ्यायचे फॉन्ट दुसऱ्याच कोणीतरी चढवलेले असतात. तिथलं “फ्री” म्हणजे निव्वळ चोरीचा माल.

याउलट मुंबईच्या एक टाइपने केलेले “मुक्ता” आणि “बलू” हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पत्रिका, पुस्तक, अ‍ॅप, दुकानाची पाटी, कशातही वापरा, पैसे कमवा, अक्षरं बदला. एक अट लक्षात ठेवायची: नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर जोडून विकता येतो.

इथे ओपनचा आणखी एक अर्थ येतो: खुलं मानक. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसते, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा. कित्येक वाचनालयांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या जुन्या फाइल आजही अशा अडकून पडल्या आहेत. फाइल आपली, मजकूर आपला, पण चावी एका कंपनीच्या फॉन्टमध्ये. आता कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्यामुळे जोडाक्षरं तपासत बसावं लागतं.

युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे आणि ते मानक कोणालाही वाचता येतं, वापरता येतं. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर महागड्या बंद सॉफ्टवेअरमध्ये केला असला तरी उद्या दुसरीकडे उघडेल. सॉफ्टवेअर मुक्त असणं आणि फाइलचं स्वरूप खुलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या छोट्या संस्थेला दोन्हीतलं एकच परवडत असेल, तर मी आधी दुसरं निवडायला सांगेन.

एआयमध्ये ओपन म्हणजे काय?

सध्या सगळ्यात जास्त ताणला जाणारा शब्द हाच. मेटाच्या लामा २ ची वेट्स, म्हणजे मॉडेल शिकून तयार झालेले आकडे, जुलै २०२३ मध्ये डाउनलोडला खुली झाली. पण मॉडेल आलं तेव्हा ज्या कंपनीचे महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असतील तिला वेगळी परवानगी लागेल, अशी अट होती. “कोणत्याही कामासाठी, कोणालाही” या कसोटीत ते बसत नाही, म्हणून ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्याला ओपन सोर्स मानलं नाही. डीपसीकने जानेवारी २०२५ मध्ये आर१ हे मॉडेल एमआयटी लायसन्सखाली दिलं, म्हणजे वापरावर जवळजवळ काहीच अट नाही. पण वेट्स मिळाली तरी मॉडेल ज्यावर शिकलं तो डेटा मिळत नाही. आणि नावातच ओपन असलेल्या ओपनएआयच्या जीपीटी-४ ची वेट्स बाहेर आली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र त्यांनी वेगळी दोन मॉडेल अपाची लायसन्सखाली दिली.

म्हणून “ओपन मॉडेल” ऐकलं की तीन प्रश्न विचारा: वेट्स मिळतात का, शिकवण्याचा कोड आणि डेटाची माहिती मिळते का, आणि धंद्यात वापरता येतं का?

कोड लिहिणाऱ्यांसाठी: दोन फंक्शन, दोन जबाबदाऱ्या

सी भाषेत फ्री आणि युनिक्समध्ये ओपन नावाची फंक्शन आहेत. ओपनने फाइल उघडते आणि तिचा एक क्रमांक हातात येतो. काम झालं की ती बंद करायची. नाही केली तर एक दिवस सर्व्हर “टू मेनी ओपन फाइल्स” म्हणून अडून बसतो. फ्रीने मेमरी परत करायची. पण परत केल्यावरही जुना पत्ता आपल्या व्हेरिएबलमध्ये तसाच असतो, आणि तो पुन्हा वापरला की सुरक्षेचं मोठं भगदाड पडतं.

लिनक्सवर फ्री ही कमांड चालवली की नवीन मुलं घाबरतात, कारण फ्रीच्या रकान्यात आकडा अगदी छोटा दिसतो. लिनक्स पडून असलेली मेमरी फाइलच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं. म्हणून “अव्हेलेबल” हा रकाना पाहायचा. तिथला फ्री म्हणजे अगदी रिकामा, आणि अव्हेलेबल म्हणजे मागितला तर मिळेल असा. मीटिंगमधल्या माणसाला “फ्री आहेस का?” विचारतानाही हाच फरक असतो.

मराठीत काय म्हणावं?

इंग्रजीची अडचण आपल्याला खरं तर नाही. फुकट आणि मुक्त हे दोन स्वच्छ वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. आपली अडचण वेगळीच आहे: “मुक्त” हा शब्द आपण फ्री आणि ओपन दोन्हींसाठी वापरतो. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश, तिथे मुक्त म्हणजे फ्री. नाशिकचं १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, तिथे मुक्त म्हणजे ओपन. या विद्यापीठात फी भरावी लागते, प्रवेशाचं दार मात्र मोठं आहे. “मोकळा” तर दोन्हीकडे चालतो: वेळ मोकळा आणि मैदानही मोकळं.

मी स्वतः लिहिताना असा नियम पाळतो: पैशाचा प्रश्न असेल तर मोफत, हक्काचा असेल तर मुक्त, प्रवेशाचा किंवा मानकाचा असेल तर खुलं, आणि नुसतं दिसत असेल तर उघड.

वापरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. पैसे आज लागत नाहीत की कधीच लागणार नाहीत? ट्रायल संपल्यावर कार्डवरून पैसे कापले जातात का?
२. धंद्यासाठी वापरायची परवानगी लायसन्समध्ये स्पष्ट लिहिली आहे का?
३. बदल करून पुढे देता येतं का? दिल्यावर आपलाही कोड द्यावा लागतो का? जीपीएलमध्ये द्यावा लागतो, एमआयटीमध्ये नाही.
४. उद्या कंपनी बंद झाली तर माझा डेटा खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल का?
५. मी पैसे देत नसेन, तर कोण देतंय आणि कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत मिळतं. उरलेल्या चार प्रश्नांसाठी लायसन्स आणि अटींचं पान उघडावं लागतं. ते पान कंटाळवाणं असतं, पण बहुतेक वेळा दहा मिनिटांत वाचून होतं. तेवढा वेळ काढा, मग खुशाल वापरा.